आधी रेवसला उतरा

आपल्या धर्मग्रामांच्या सूचनाफलकांवर गेल्या काही वर्षांत एक नवे साहित्य अवतरले आहे. नोव्हेनाचे वेळापत्रक, विवाहांच्या घोषणा आणि स्मृतिदिनाच्या मिस्सांची यादी यांच्या शेजारी निळ्या समुद्रात उभ्या असलेल्या पांढऱ्या जहाजाचे गुळगुळीत चित्र झळकते. त्याखाली लिहिलेले असते : आठ दिवस, सहा बंदरे, रोमचे दर्शन, एफेससला पवित्र मरियेच्या घराची भेट, रोज भारतीय जेवण, सोबत धर्मगुरू. २०२५ च्या ज्युबिली वर्षात तर या जाहिरातींना ऊतच आला होता. ज्युबिली संपली, जाहिराती मात्र उतरल्या नाहीत. मिस्सा आटोपली की दारात पत्रके वाटली जातात, आणि ज्या घराला मुलीच्या शिक्षणासाठी पतपेढीची पायरी चढावी लागली त्याच घरात ‘आपणही एकदा जायलाच हवे’ अशी कुजबुज सुरू होते.

समुद्रप्रवासाला आमचा विरोध नाही. किनाऱ्यावर वाढलेल्या समाजाने समुद्राला नावे ठेवणे शोभणारही नाही. आमची तक्रार त्या प्रवासाच्या एका भागाविषयी आहे. जहाज बंदराला लागते तेव्हा धक्क्यावर वातानुकूलित बसगाड्यांची रांग उभी असते. छातीवर क्रमांकाची चिठ्ठी चिकटवून, छत्री उंचावून चालणाऱ्या वाटाड्याच्या मागोमाग आपले यात्रेकरू त्यांत चढतात, काचेतून शहर पाहतात, ठरलेल्या दुकानापाशी ठरलेला अर्धा तास थांबतात आणि दिवस मावळण्याच्या आत पुन्हा जहाजावर येतात. या सहलीचे पैसे बहुधा तिकिटाच्या वर वेगळे मोजावे लागतात; जे ‘सर्वसमावेशक’ म्हणून विकले जाते त्यात ते आधीच मोजून घेतलेले असतात. आमचे म्हणणे असे की, धडधाकट माणसाने ही सहल घेऊ नये. बंदर आपल्या पायांनी आणि आपल्या खिशाला झेपेल तसे पाहावे. साध्या कुटुंबाला ते जमते. आणि ते जमवण्याची शाळा आपल्या दाराशी, रेवसच्या धक्क्यावर, कित्येक पिढ्या उघडी आहे.

रेवस हे नाव वाचून काही वाचक हसतील, हे आम्हांला ठाऊक आहे. कुठे भूमध्य समुद्र आणि कुठे अलिबाग तालुक्याच्या टोकावरचा, धरमतर खाडीच्या मुखाशी चिखलात उभा असलेला हा धक्का! मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून साधी लाँच निघते आणि दीडेक तासाने ती रेवसला लागते. समोर खाडीपलीकडे उरणचे करंजा. तिकडे जाण्यासाठी लहान होडी. लाँचमध्ये आसनक्रमांक नसतो, स्वागताचे पेय नसते. मासळीच्या रिकाम्या पाट्या असतात, मुंबईहून भरून आणलेल्या बाजाराच्या पिशव्या असतात, शनिवारी गावाकडे निघालेला गिरणगावातला जुना माणूस असतो. पैसेवाल्यांची वाट वेगळी आहे. ते गेटवेवरून कॅटामरानने मांडव्याला उतरतात, किंवा २०२० पासून आपली मोटारच रो-रो बोटीत घालून आणतात आणि तिच्यातून न उतरता आपल्या बंगल्याच्या फाटकापर्यंत जातात. मांडवा आणि रेवस यांत अंतर फारसे नाही. पण रेवसला उतरणाऱ्याला दोन गोष्टी येत असाव्या लागतात, ज्यांची मांडव्याच्या प्रवाशाला गरज पडत नाही : पाणी कधी चढते-उतरते ते विचारणे, आणि शेवटची गाडी कधी आहे ते लक्षात ठेवणे.

रेवसला गाळ फार. ओहोटी खोल गेली की लाँच धक्क्याला लागणे कठीण होते आणि वेळापत्रक बाजूला पडते. तेव्हा जाणता प्रवासी छापील कागदावर विसंबत नाही. आदल्या दिवशी चौकशी करतो, धक्क्यावरच्या माणसाला पुन्हा विचारतो, आणि परतीची वेळ ठरवताना एक फेरी हाताशी राखून ठेवतो. समुद्राशी थट्टा करू नये हे तर या मार्गाने फार मोठी किंमत देऊन शिकवलेले आहे. १७ जुलै १९४७ रोजी सकाळी भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघालेली ‘रामदास’ बोट वादळी पावसात उलटली आणि सहाशेहून अधिक माणसे बुडाली. कोळी बांधवांनी आपल्या होड्यांतून कित्येकांना वाचवले. स्वातंत्र्य चार आठवड्यांवर आले होते. किनाऱ्यावरच्या कित्येक घरांनी ते सुतकात पाहिले. अशा धक्क्यावर वेळ सांभाळायला शिकलेल्या माणसाला ‘जहाज तुम्हांला सोडून जाईल हो’ अशी भीती घालून बसचे तिकीट विकणे, हा आम्हांला त्याचा अपमान वाटतो.

रेवसला उतरून पुढे जायचे कुठे? एस.टी.ने किंवा मिनीडोरने अलिबाग गाठावे, वीस-बावीस किलोमीटर. तेथून दुसरी गाडी धरून चौल-रेवदंडा. सकाळच्या लाँचने निघालेला माणूस दुपारच्या आत तिथे पोहोचतो, आणि एवढ्याचा खर्च शहरातल्या एका उपाहारगृहातील कौटुंबिक जेवणाइतकाही होत नाही. रेवदंड्याच्या कोटाला तिकीट नाही, फाटक नाही. रस्ताच कोटाच्या दरवाजातून जातो. आत नारळी-पोफळीच्या वाड्या आणि त्यांच्यामध्ये आपल्या चर्चेसचे, मठांचे भग्न अवशेष. सातखणी म्हणून ओळखला जाणारा उंच मनोरा पडझड सोसून उभा आहे. पोर्तुगीजांनी येथे १५१६ मध्ये वखार घातली, पुढे कोट बांधला, १५७०-७१ मध्ये निजामशाहीचा वेढा सोसला आणि वसई गेल्यानंतर, १७४० मध्ये, हे ठाणे मराठ्यांना दिले. सव्वादोनशे वर्षांचा इतिहास वाडीतल्या शेवाळावर पडून आहे. रोमन फोरमची छायाचित्रे घरोघर दाखवणाऱ्या किती कुटुंबांनी तो पाहिला आहे?

आणि पोर्तुगीजांच्याही आधी येथे एक ख्रिस्ती प्रवासी उतरला होता, ज्याच्या खिशात जवळजवळ काहीच नव्हते. रशियातील त्व्हेर शहराचा व्यापारी अफानासी निकितीन. व्होल्गा नदीतून माल घेऊन निघाला. आस्त्राखानजवळ तातारांनी तो लुटला. कर्ज काढून घेतलेला माल गेला, रित्या हाताने घरी जाण्याची सोय उरली नाही, म्हणून पुढे पुढे चालत राहिला. बाकू, इराण आणि होर्मुझमार्गे चौलला आला. काळ १४६९ च्या आसपासचा, म्हणजे वास्को द गामाच्या जवळजवळ तीन दशके आधीचा. विकण्यासाठी त्याने सोबत एक घोडा आणला होता. तोही जुन्नरच्या सुभेदाराने हिसकावून घेतला आणि धर्म बदललास तर परत देतो म्हणाला. एका खोरासानी सरदाराच्या रदबदलीने घोडाही सुटला आणि धर्मही. या माणसाच्या टिपणांतली आम्हांला सर्वांत भिडणारी गोष्ट घोड्याची नाही. त्याची धर्मपुस्तके लुटीत गेली होती, त्यामुळे पुनरुत्थानाचा सण कधी येतो हे त्याला कळेना. चंद्रताऱ्यांकडे पाहून, अंदाजाने, परक्या लोकांच्या उपवासांशी आपले उपवास जुळवून तो एकटाच उपवास करीत राहिला. सोबत धर्मगुरू नव्हते, भारतीय जेवण किंवा रशियन जेवण नव्हते. परतीच्या वाटेवर, घरी पोहोचण्याआधीच, तो वारला. २००२ मध्ये रेवदंड्याच्या शाळेच्या आवारात त्याचा स्मारकस्तंभ उभारला गेला. अलिबागला येणाऱ्या आपल्या सहली समुद्रकिनारा आणि वडापाव उरकून परत जातात.

रेवदंड्याहून कुंडलिका खाडीवरचा पूल ओलांडला की कोर्लई. डोंगरावर किल्ला, पायथ्याशी गाव, गावात माउंट कार्मेल माउलीचे चर्च. येथील आपले ख्रिस्ती बांधव घरात जी भाषा बोलतात तिला ते ‘नो लिंग’, म्हणजे आमची बोली, म्हणतात. शब्द बरेचसे पोर्तुगीज, वाक्याची घडण पुष्कळशी मराठीची. राज्यकर्ते १७४० मध्ये निघून गेले. बोली तेव्हापासून आजपर्यंत सुमारे हजार माणसांच्या जिभेवर जगली. जे. क्लॅन्सी क्लेमंट्स या अमेरिकी भाषाशास्त्रज्ञाने तिच्यावर १९९६ मध्ये इंग्रजीत स्वतंत्र ग्रंथ प्रसिद्ध केला. अमेरिकेतील विद्वानाला कोर्लई सापडते. आम्हांला सापडत नाही. येथे एक गोष्ट बजावून सांगतो. कोर्लई हे प्रदर्शन नव्हे. माणसांच्या तोंडापुढे यंत्र धरून ‘जरा बोलून दाखवा’ म्हणणाऱ्यांनी तिकडे फिरकू नये. मिस्सेला जावे, मागच्या बाकावर बसावे, बाहेर आल्यावर कोणी बोलले तर बोलावे, जमल्यास मासळी विकत घ्यावी.

एवढे सारे एका दिवसात, साध्या तिकिटांवर. जो हे एकदा करतो त्याला परक्या बंदराची धास्ती उरत नाही, कारण कौशल्य तेच लागते. आता भूमध्य समुद्राकडे वळू, आणि रोमसाठी जहाजे जिथे लागतात ते बंदरच घेऊ.

रोम समुद्रावर नाही. जहाजे लागतात ती सुमारे ऐंशी किलोमीटरवरील चिवितावेक्किया या बंदरात. तेथून रोमला नेऊन आणण्यासाठी जहाजकंपन्या माणशी शंभर युरोंच्या घरात किंवा त्याच्या पुढे आकार लावतात. चौघांच्या कुटुंबाचा हिशेब वाचकांनी करावा. वास्तविक बंदराच्या बसने लार्गो देला पाचे या चौकात उतरले की थोडे चालून रेल्वे स्थानक येते. तेथून साधी प्रादेशिक गाडी रोमला जाते, तासाभरात, मोजक्या युरोंत. शिवाय ही साधी गाडी रोमा सान पिएत्रो या स्थानकावर थांबते. तिथे उतरून पंधरा मिनिटे चालले की संत पेत्रच्या महामंदिराचा चौक. महामंदिरात प्रवेशाला पैसे पडत नाहीत. रांग असते, म्हणून सकाळची पहिली गाडी धरावी. वस्तुसंग्रहालयाला तिकीट आहे. रोमच्या रस्त्यांवर सार्वजनिक नळ अहोरात्र वाहतात, त्यांचे पाणी उत्तम असते. रिकामी बाटली सोबत ठेवली तर पाण्यावर एक पैसाही खर्च होत नाही. कागदी तिकिटावर फलाटावरील यंत्राचा शिक्का उमटवून घ्यायचा, हे विसरले तर दंड बसतो. याहून अवघड असे त्यात काही नाही. चर्चगेट ते विरार रोज करणाऱ्या माणसाला ही गाडी म्हणजे विश्रांतीच वाटेल!

पण पैशाहून मोठी चोरी त्या बसमध्ये वेगळीच होते. चिवितावेक्कियातच, बंदरापासून चालत जाण्याच्या अंतरावर, एक चर्च आहे. ते जपानच्या हुतात्म्यांना वाहिलेले आहे. नागासाकीच्या टेकडीवर ५ फेब्रुवारी १५९७ रोजी ज्या सव्वीस जणांना क्रुसावर टांगून भाल्यांनी भोसकले ते हे हुतात्मे. त्या सव्वीसांतला एक आपल्या वसईचा. संत गोन्सालो गार्सिया! कोकणी आईचा मुलगा. जपानमध्ये व्यापार केला, मनिलात फ्रान्सिस्कन बंधू झाला, दुभाषी म्हणून पुन्हा जपानला गेला आणि तेथे मेला. नववे पायस यांनी १८६२ मध्ये त्या सर्वांना संतपद दिले. पुढे याच बंदरात त्यांच्या नावाने चर्च उभे राहिले. महायुद्धात त्याची हानी झाली, आणि १९५० च्या दशकात लुका हासेगावा या जपानी चित्रकाराने त्याच्या भिंती रंगवल्या. वेदीवरील पवित्र मरिया तेथे किमोनो परिधान करून बाळ येशूला घेऊन आहे.

विचार करा. गासच्या चर्चमध्ये ज्या संताचा सण आपण ध्वजपताका लावून साजरा करतो, त्याच्या आणि त्याच्या सोबत्यांच्या नावाचे चर्च रोमच्या वाटेवर पहिल्याच पायरीशी उभे आहे, आणि सहलीची बस धक्क्यावरून सरळ महामार्गाला लागते. वाटाड्याला गोन्सालो कोण हे माहीत असण्याचे कारण नाही. पण सोबत असलेल्या आपल्या माणसांचे काय? जो पायी उतरतो त्याला हे चर्च जाता-येता पाहता येते. जो बसमध्ये बसतो त्याला ते पाहता येत नाही, कारण ते कार्यक्रमपत्रिकेत छापलेले नाही.

दुसरे उदाहरण आम्ही पवित्र शास्त्रातूनच देतो. प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाची शेवटची दोन प्रकरणे पुन्हा वाचावीत. संत पौल बंदिवान म्हणून रोमला निघालेला. धान्याचे जहाज, त्यावर २७६ माणसे, चौदा दिवसांचे तुफान आणि मिलिता बेटावर, म्हणजे आजच्या माल्टावर, जहाजाचा चुराडा. तेथे तीन महिने मुक्काम. मग सुराकूस येथे तीन दिवस, रेगियोनला एक, आणि पुत्युल येथे बंधुजनांच्या आग्रहावरून सात दिवस. तेथून पुढे भूमार्गाने. रोमचे बंधू अप्पियाच्या पेठेपर्यंत सामोरे आले. बेड्यांत असलेल्या माणसाला पुत्युलला सात दिवस मिळाले. पदरचे लाखो रुपये मोजणाऱ्या आपल्या यात्रेकरूंना त्याच परिसरात आठ तास मिळतात, आणि तेही पोंपेई आणि काप्रीच्या दुकानांत जातात. पुत्युल म्हणजे आजचे पोत्सुओली. नेपल्सचे जहाजघर शहराच्या अगदी कुशीत आहे. तेथून मोंतेसांतो स्थानकापर्यंत चालत जावे, कुमाना नावाची लहान रेल्वे धरावी, ती समुद्राच्या कडेकडेने पोत्सुओलीला नेते. पौलाचे पाऊल जिथे इटलीच्या मुख्य भूमीला कायमचे लागले ते हे गाव. संतांच्या पावलांवरून चालण्याची जाहिरात करणाऱ्या पत्रकात ते आमच्या पाहण्यात आलेले नाही.

माल्टाविषयी थोडक्यात सांगायचे तर व्हॅलेटा हे शहर पायीच पाहायचे असते. संत पौलाच्या जहाजफुटीच्या नावाचे चर्च तिथे आहे. माल्टाचे लोक कडवे कॅथलिक, त्यांची भाषा अरबी वळणाची. देवाला ते ‘अल्ला’ म्हणतात आणि उपवासकाळाला ‘रांदान’. कोर्लईच्या मागच्या बाकावर बसून आलेल्या माणसाला याचे नवल वाटणार नाही, आनंद मात्र वाटेल.

आता आक्षेपांकडे येऊ. पहिला, भाषा येत नाही. रेवसहून निघालेल्या कोळणीला मुंबईच्या बाजारात कोणकोणत्या भाषा येत होत्या? बोटे, भाव आणि ठामपणा यांवर व्यवहार चालतो. दुसरा, जहाज निघून जाईल. हा आक्षेप खरा आहे. कंपनीच्या सहलीची बस उशिरा आली तर जहाज तिच्यासाठी थांबते, एकट्यादुकट्यासाठी थांबत नाही. म्हणून सुटण्याच्या वेळेआधी दोन तास बंदरात असावे, जहाजाचे घड्याळ आणि गावाचे घड्याळ वेगळे असू शकते हे लक्षात ठेवून निघताना मनगटावरचे घड्याळ जहाजाला जुळवावे, आणि बंदरातील कंपनीच्या प्रतिनिधीचा क्रमांक खिशात ठेवावा. इटलीत रेल्वेचे संप अधूनमधून होतात. त्यांची घोषणा आधी झालेली असते, ती पाहून ठेवावी. तिसरा, कागदपत्रे. मधल्या बंदराने शेंगेन देशांची हद्द ओलांडून पुन्हा आत यायचे असेल तर अनेक प्रवेशांचा व्हिसा लागतो. तो मागून घ्यावा. बसने गेलात म्हणून तो चुकत नाही.

चौथा आक्षेप वृद्धांचा, आणि तेथे आम्ही हट्ट धरणार नाही. ज्यांना चालवत नाही त्यांनी गाडी करावी. एफेससला कुशादासी बंदरातून सेल्चुक गावापर्यंत लहान बसगाड्या जातात, पण पवित्र मरियेच्या घराकडे डोंगरावर तशी गाडी जात नाही. तेथे चार जणांनी मिळून टॅक्सी ठरवणे हाच मार्ग. जिथे स्थळ दूर आहे आणि सार्वजनिक वाहन नाही, तिथे जहाजाची सहल घेतली तर आम्ही नाक मुरडणार नाही. मात्र सासूबाईंच्या गुडघ्यांचे निमित्त करून तरण्याताठ्या मुलांनीही बसमध्ये पेंगत बसावे, हे काही पटत नाही.

पाचवा आक्षेप सर्वांत नाजूक : सोबत धर्मगुरू नसतील तर ती यात्रा कसली? धर्मगुरूंविषयीच्या आदरात आम्ही कोणाच्या मागे नाही, म्हणूनच स्पष्ट लिहितो. ठरावीक संख्येने यात्रेकरू जमवले की जमवणाऱ्याला एक जागा फुकट, असा सहलींच्या धंद्यातला रिवाज आहे. तो धंद्यात असू दे. वेदीवरून होणाऱ्या सूचनेला त्याचा वास लागू नये. आणि मिस्सेचे म्हणाल, तर ज्या बंदरात उतरलो तेथील धर्मग्रामात मिस्सा असते. परक्या भाषेतील मिस्सेला, परक्या लोकांत उभे राहून, ‘आमेन’ तेवढे ओळखीचे ऐकू येते तेव्हा ख्रिस्तसभा विश्वव्यापी आहे म्हणजे काय हे कळते. हॉटेलच्या सभागृहात आपल्याच पन्नास माणसांसाठी उरकलेल्या मिस्सेत ते कसे कळणार?

खरे म्हणजे आमच्या समाजाला हे कोणी शिकवण्याची गरजच नव्हती. वसईची, गोव्याची, मुंबईची आमची मुले याच जहाजांवर नोकऱ्या करतात. भांडी घासतात, खोल्या आवरतात, यंत्रघरात घाम गाळतात. चार तासांची सुटी मिळाली की ही मुले धक्क्यावर उतरतात आणि दहा युरोंत शहर पाहून, घरी फोन करून, चर्चमध्ये मेणबत्ती लावून वेळेवर परततात. कोणत्या बंदरात कोणती बस, कुठे स्वस्त जेवण, कुठे स्टेला मारिसचे केंद्र, हे त्यांना पाठ असते. खलाशांची काळजी वाहणारे हे कार्य १९२० मध्ये ग्लासगोला सुरू झाले आणि आज जगभरच्या बंदरांत चालते. सुटीवर घरी आलेल्या या मुलांना आपण विवाहाची स्थळे दाखवतो, घर बांधण्याचा खर्च विचारतो. बंदराची वाट विचारायला मात्र दलालाच्या वातानुकूलित कचेरीत जातो. त्याच जहाजावर आपला मुलगा ताटे उचलतो आणि आई-बाप वरच्या मजल्यावर कर्जाच्या पैशाने पाहुणे होऊन बसतात; आणि खाली उतरण्याची वाट त्याला न विचारता छत्रीवाल्या बाईला विचारतात. यात लाज वाटण्याजोगे काही आहे असे कोणाला वाटत नसेल तर आमचा नाइलाज आहे.

धर्मग्रामांकडे आमची मागणी फार मोठी नाही. सूचनाफलकावर जहाजाचे चित्र लावायचेच असेल तर त्याच्या शेजारी जहाजावर नोकरी केलेल्या आपल्या तरुणांची एक बैठक जाहीर करावी आणि त्यांनी प्रत्येक बंदराची खर्चासह माहिती द्यावी. पहिल्या कम्युनियनच्या आणि दृढीकरणाच्या मुलांची वार्षिक सहल करमणुकीच्या उद्यानाऐवजी भाऊच्या धक्क्यावरून न्यावी. मुलांच्याच हाती तिकिटाचे पैसे द्यावेत, भरतीची चौकशी त्यांनाच करू द्यावी, अलिबागची गाडी त्यांनाच शोधू द्यावी. मोठ्यांनी मागे राहावे. चुकली एखादी गाडी, तर चुकू द्यावी, दुसरी येते.

हे लवकर करावे, कारण रेवसचा धक्का आहे तसा फार काळ राहणार नाही. बॅ. अंतुले यांच्या काळापासून चर्चेत असलेल्या रेवस–रेड्डी सागरी महामार्गातील करंजा–रेवस पुलाचे काम हाती घेण्यात आले आहे. पूल व्हावा, आजारी माणसाला रात्री खाडी ओलांडता यावी याहून महत्त्वाचे काही नाही. पण पूल झाला की मोटारी रेवसला न थांबता पुढे जातील, आणि गाळ काढून लाँच चालू ठेवण्याची निकड कोणाला उरेल याविषयी आम्हांला शंका आहे. तोवर लाँच आहे. पिशवीत भाकरी, सुक्या बोंबलांची चटणी आणि पाण्याची बाटली घ्यावी. भरतीची वेळ भाऊच्या धक्क्यावर विचारून घ्यावी. कोर्लईला रविवारी जायचे असेल तर मिस्सेची वेळ आधी विचारावी, आणि परतीला अलिबागहून निघणारी शेवटची गाडी सोडून तिच्या आधीची धरावी.

ज्या वाचकांनी भूमध्य समुद्रातील एखादे बंदर बसवाचून पाहिले असेल त्यांनी आपल्या दिवसाचा हिशेब, तिकिटांच्या आणि जेवणाच्या रकमांसह, आम्हांकडे लिहून पाठवावा. आम्ही तो छापू. चिवितावेक्कियाचा असेल तर आधी छापू.